'सॅलरी'तलं मीठ: इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायचं कसं?

"रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळायचं, म्हणून सॅलरी." ही ओळ एक तारखेच्या आसपास कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतेच. खाली चार अंगठे, एखादं "वा, माहीत नव्हतं!" आणि विषय संपतो. या ओळीतला अर्धा भाग खरा आहे, उरलेल्या अर्ध्याला पुरावा नाही. कुठला अर्धा कुठला, हे घरबसल्या, फुकट आणि लॅटिनचं एक अक्षर न येता तपासता येतं. ते कसं, एवढंच या लेखात आहे. शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच घेतलाय, सॅलरी. पायऱ्या मात्र कुठल्याही इंग्रजी शब्दाला लागू पडतात.

सामान फारसं लागत नाही. इंटरनेट, एक वही आणि थोडा चिवटपणा. फोनवरही जमतं, पण चार-पाच खिडक्या एकदम उघड्या ठेवाव्या लागतात, तेव्हा कॉम्प्युटर असला तर बरं.

पायरी 1: आजचा अर्थ आधी लिहून काढा

नवखा माणूस थेट लॅटिनवर उडी मारतो. तसं करू नका. शब्द आज कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे आधी वहीत उतरवा.

आपल्याकडे ऑफिसात 'सॅलरी क्रेडिट झाली', बँकेत 'सॅलरी अकाउंट', कर्ज काढायला 'सॅलरी स्लिप'. पण नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला मिळते ती रोजी किंवा मजुरी, घरकामाच्या मावशींना दिला जातो तो पगार, व्याख्यात्याला पाकिटातून मिळतं ते मानधन. यातल्या कशालाच आपण सहसा सॅलरी म्हणत नाही. इंग्रजीतही असाच भेद आहे. तासावर, दिवसावर किंवा आठवड्यावर मोजून मिळतं ते वेज. वर्षाचा आकडा ठरवून महिन्याला वाटून दिला जातो ती सॅलरी. कायद्याची भाषा आणखी वेगळी. 1961च्या आयकर कायद्याचं 17वं कलम पाहा. तिथे सॅलरी या शब्दात वेजेस, पेन्शन, ग्रॅच्युइटी असं सगळं कोंबलेलं आहे. म्हणजे निवृत्त होऊन घरी बसलेल्या आजोबांनाही त्या हिशेबात 'सॅलरी' मिळत होती.

बोलण्यातला, कचेरीतला आणि कायद्यातला असे तीन अर्थ झाले. हे लिहून ठेवायचं कारण असं, की पुढे जुने दाखले हाती लागले की त्यातला कुठला अर्थ कधी आला हे ताडून पाहता येतं. नाहीतर आजचा अर्थ सहाशे वर्षं मागे नेऊन चिकटवला जातो, आणि चुकीच्या व्युत्पत्तीची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच होते.

पायरी 2: कोश उघडा, पण एकच नको

सुरुवात एटिमऑनलाइनपासून करा. डग्लस हार्पर यांनी उभं केलेलं हे संकेतस्थळ फुकट आहे, वाचायला सोपं आहे. पण तो सारांश आहे, पुरावा नाही. तिथलं वाचून थांबलात तर तुम्ही फक्त जास्त चांगलं फॉरवर्ड वाचलंत.

जोडीला मेरियम-वेबस्टर हा अमेरिकन कोश उघडा. नोंदीच्या तळाशी तो शब्द पहिल्यांदा कधी सापडतो ते दिलेलं असतं. विक्शनरीत शब्दाचे नातेवाईक एका ठिकाणी मिळतात, पण कुणीही लिहू शकतं, तेव्हा तिथली माहिती दुसरीकडे ताडल्याशिवाय वहीत उतरवू नका.

सगळ्यांत मोठा आधार ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, म्हणजे ओईडी. 1857मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत या कोशाची कल्पना पुढे आली, 1884मध्ये पहिला भाग छापला गेला आणि 1928मध्ये पहिली आवृत्ती पुरी झाली. शेकडो स्वयंसेवक जुनी पुस्तकं वाचून वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवत. म्हणूनच या कोशात प्रत्येक अर्थाखाली जुन्यापासून नव्यापर्यंत वाक्यांची रांग लागलेली दिसते. आपल्याला हवी असते ती ही रांग. ऑनलाइन ओईडीला पैसे पडतात. पण विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा, आणि तेही जमत नसेल तर पहिल्या आवृत्तीचे खंड इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले आहेत. जुने आहेत, पण वाक्यं तीच.

आणखी दोन खजिने फुकट आहेत आणि नवख्यांना ते माहीतच नसतात. मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश डिक्शनरी साधारण 1100 ते 1500 या काळातल्या इंग्रजीसाठी, आणि अँग्लो-नॉर्मन डिक्शनरी इंग्लंडात वापरल्या जाणाऱ्या फ्रेंचसाठी. सॅलरीला हे दोन्ही लागतात.

आता नोंद वाचायची कशी? सॅलरीची साखळी साधारण अशी दिसेल: सॅलरी < अँग्लो-नॉर्मन सालारी < लॅटिन सालारिउम < लॅटिन साल, म्हणजे मीठ. हे चिन्ह 'यापासून आलं' असं वाचायचं. एखाद्या रूपाआधी तारांकन असेल तर ते रूप कुठल्याही कागदावर सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तर्काने उभं केलंय. आणि 'पर्हॅप्स', 'प्रॉबब्ली', 'ओरिजिन अननोन' हे शब्द गाळून वाचायची सवय असेल तर ती आजच सोडा. कोशकार वर्षानुवर्षं घासून 'कदाचित' लिहितो आणि आपण फॉरवर्ड करताना नेमकं तेच उडवतो.

'कॉग्नेट' हा शब्दही भेटेल. म्हणजे बहिणी-बहिणी, आई-लेक नव्हे. इंग्रजी सॉल्ट आणि लॅटिन साल हे असे कॉग्नेट आहेत. सॉल्ट लॅटिनमधून आलेला नाही, तो इंग्रजीच्या घरातलाच जुना शब्द आहे; दोघींची आजी एक, एवढंच. ग्रीकमधला हाल्स ही तिसरी बहीण, जिच्यापासून रसायनशास्त्रात हॅलोजन आलं. सॅलरी मात्र इंग्रजीत बाहेरून आलेली आहे. एका घराण्याचे दोन शब्द, एक घरात वाढलेला आणि एक पाहुणा म्हणून आलेला, असं इंग्रजीत पदोपदी दिसतं.

पायरी 3: जुना दाखला स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

कोशात दिलेलं वर्ष म्हणजे शब्दाचा वाढदिवस नव्हे. तो आतापर्यंत हाती लागलेला सगळ्यांत जुना कागद, इतकंच. त्याआधी लोक तो शब्द बोलत असणारच. दोन कोशांत वर्षं जुळली नाहीत तरी गोंधळू नका. कुणी मूळ रचनेचा काळ धरतो, कुणी हाती असलेल्या हस्तलिखिताचा.

सॅलरीचा एक जुना दाखला तर अगदी आपलासा वाटावा असा आहे. 'पिअर्स प्लाउमन' हे चौदाव्या शतकातलं दीर्घ इंग्रजी काव्य. विल्यम लँगलंड हा त्याचा कवी मानला जातो. त्याचे तीन पाठ, म्हणजे तीन वेगळी रूपं, आहेत आणि 1370च्या दशकाच्या अखेरीचा तो 'बी' पाठ. त्यात सात पापं माणसाच्या रूपात येऊन कबुलीजबाब देतात. त्यातला आळस हा तीस वर्षांहून अधिक काळ पाद्री असलेला गृहस्थ आहे. तो कबूल करतो, की माझ्या नोकरांची सॅलरी कधीकधी मागे राहते आणि हिशेब वाचायला बसलं की ऐकवत नाही. म्हणजे सॅलरी हा शब्द इंग्रजीत नजरेस पडतो तोच थकलेल्या पगाराच्या संदर्भात! आणि पाहा, ही सॅलरी घरातल्या गड्यानोकरांची आहे, साहेबांची नाही. पहिल्या पायरीत लिहिलेला 'ऑफिसवाला' अर्थ इथे अजून उगवलेलाच नाही.

दुसरा दाखला शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधला, आणि तो पाहताना आवृत्ती तपासायची सवय लागते. बापाचा खुनी राजा क्लॉडियस प्रार्थना करतोय, मागे हॅम्लेट तलवार घेऊन उभा. आत्ता मारलं तर हा सरळ स्वर्गात जाईल, मग हे 'हायर अँड सॅलरी' झालं, सूड कसला, असं तो म्हणतो. मजुरी आणि पगार चुकता केल्यासारखं. हे वाक्य 1623च्या फोलिओत, म्हणजे एकत्र छापलेल्या नाटकांच्या मोठ्या ग्रंथात, आहे. पण 1604-05च्या क्वार्टो, म्हणजे लहान आकारात सुट्या छापलेल्या, आवृत्तीत त्याच जागी 'बेस अँड सिली' असे शब्द छापलेले आहेत. क्वार्टोचीच प्रत उघडून बसलात तर सॅलरी सापडणारच नाही, आणि आख्खा कोश खोटा आहे असं वाटेल. म्हणून दाखला टिपताना लेखक, कृती आणि वर्ष एवढ्यावर भागत नाही. कुठली आवृत्ती तेही लिहा.

सॅम्युअल जॉन्सनचा 1755चा कोशही ऑनलाइन आहे. त्यातला सॅलरीचा अर्थ थोडक्यात असा: ठरलेली मजुरी, वर्षाला किंवा ठरावीक मुदतीने होणारं देणं. 'ठरलेली' आणि 'मुदतीने' हे दोन धागे आता स्पष्ट दिसू लागतात. आजच्या अर्थाच्या आपण बरेच जवळ आलो.

गूगल एनग्राम व्ह्यूअरवर शब्द टाकून तो कुठल्या काळच्या पुस्तकांत किती येतो याचा आलेख काढायला मजा येते, पण तिथे एक खड्डा आहे. अठराव्या शतकापर्यंतच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा 'एस' लांबुळका छापत, तो दिसायला 'एफ'सारखा. मशीन तो 'एफ' म्हणूनच वाचतं. परिणामी जुन्या पुस्तकांत सॅलरीची 'फॅलरी' झालेली असते आणि खरा शब्द 1800च्या आसपास एकाएकी वाढल्यासारखा दिसतो. एनग्राममध्ये दोन्ही स्पेलिंगं स्वल्पविराम देऊन शेजारी टाका. एक रेघ उतरते तिथेच दुसरी चढते, म्हणजे भाषेत काही वाढलं नाही, बदलला तो छपाईचा टाइप.

पायरी 4: कुठल्या वाटेने आला ते पाहा

1066मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं तिथल्या दरबाराची, कोर्टाची आणि मोठ्या घरांतल्या हिशेबाची भाषा फ्रेंच आणि लॅटिन राहिली. पगार, कर, भाडं, दंड यांचे इंग्रजी शब्द बहुसंख्येने फ्रेंच वळणाचे का, याचं उत्तर इथे आहे. सॅलरी त्याच वाटेने आली.

पण वाट नुसती सांगून भागत नाही, ध्वनी जुळतात का ते बघावं लागतं. लॅटिनचा '-आरिउम' हा शेपटाचा भाग लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या झिजला की फ्रेंचमध्ये त्याचं '-ये' होतं. लॅटिन ग्रानारिउमचं, म्हणजे धान्याच्या कोठाराचं, फ्रेंचमध्ये ग्रनिये झालं ते असंच. सालारिउमचं मात्र फ्रेंचमध्ये सालेर झालं. ते पुरतं झिजलेलं नाही. याचा अर्थ हा शब्द बाजारातून नव्हे, लिहिणाऱ्यांच्या कागदांतून आला. कारकुनांनी लॅटिनमधून उचलला. एवढ्याशा शेपटावरून शब्द कुणाच्या हातून आला हे कळतं.

आणि जो शब्द खरोखर लोकांच्या तोंडून झिजत आला तो इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलावर आहे: सॉल्टसेलर, म्हणजे मिठाची वाटी. यातल्या 'सेलर'चा तळघराशी संबंध नाही. जुन्या फ्रेंचमध्ये मिठाच्या वाटीला सालिएर म्हणत. इंग्रजांना तो कळेनासा झाला, तेव्हा पुढे सॉल्ट जोडला आणि स्पेलिंग तळघराचं केलं. म्हणजे शब्दशः 'मीठ-मिठाची वाटी'. आपण 'लेडीज बायका' म्हणतो त्यातलाच प्रकार.

पायरी 5: आता गोष्टीला हात घाला

सालारिउम हा शब्द साल, म्हणजे मीठ, यावरून बनलाय यावर वाद नाही. प्रश्न पुढचा आहे: पगाराला 'मिठाचं' असं नाव का? फॉरवर्डचं उत्तर तयार आहे, सैनिकांना मीठ देत असत. अशा प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा. हे पहिल्यांदा कुणी आणि कुठे लिहिलंय?

शोधत गेलं की पुष्कळ लोक एकाच माणसाकडे बोट दाखवतात: थोरला प्लिनी, व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इसवी सन 79मध्ये मेलेला रोमन विद्वान. त्याच्या 'नॅचरल हिस्ट्री' या प्रचंड ग्रंथाच्या 31व्या खंडात मिठावर मजकूर आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस या संकेतस्थळावर त्याचं इंग्रजी भाषांतर फुकट वाचता येतं. जाऊन बघा. प्लिनी म्हणतो ते एवढंच, की मानसन्मान आणि लष्करी सेवा यांतही मिठाचा संबंध येतो, सालारिउम हा शब्द त्यावरूनच आला. जुन्या काळी मिठाला केवढं महत्त्व होतं हे व्हिया सालारिया या रस्त्याच्या नावावरूनही दिसतं, कारण त्या वाटेने रोमच्या शेजारच्या सबाइन लोकांच्या मुलखात मीठ जात असे. बस. सैनिकांना पगाराऐवजी मीठ देत, असं तो म्हणत नाही. मीठ विकत घ्यायला पैसे देत, असंही म्हणत नाही. त्याच्या काळात हे नाव इतकं जुनं झालं होतं, की तोही शब्दावरून मागचा अंदाज बांधतोय असं वाटतं.

मग ती गोष्ट पसरली कशी? 1879चा लुईस आणि शॉर्ट यांचा लॅटिन-इंग्रजी कोश उघडा, तोही पर्सियसवर आहे. सालारिउमपुढे लिहिलंय की मुळात सैनिकांना मिठासाठी दिलेले पैसे, पुढे कुठलाही भत्ता किंवा वेतन. हा पहिला अर्थ म्हणजे विद्वानांनी बांधलेला अंदाज. त्या अर्थाने शब्द वापरलेलं एकही प्राचीन वाक्य पुढे येत नाही. अंदाज कोशात बसला, कोशातून शाळेत गेला, आणि 'मिठासाठी पैसे' मधले 'साठी' वाटेत कुठेतरी गळून 'मीठच पगार' झालं.

उलट बाजूचे पुरावे मात्र भरपूर आहेत. रोमन शिपायाच्या पगाराला लॅटिनमध्ये स्टिपेंडिउम म्हणत. आपला 'स्टायपेंड' तो हा. सम्राट ऑगस्टसच्या काळात साध्या शिपायाला वर्षाला 225 देनारी मिळत, तीन हप्त्यांत, चांदीच्या नाण्यांच्या हिशेबाने. धान्य-कपड्यांचे पैसे पगारातून कापून घेत. कपातीची परंपरा जुनी आहे तर! सालारिउम हा शब्द सम्राटांच्या काळात दिसतो तो बराचसा वरच्या लोकांच्या संदर्भात. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने आपल्या सासऱ्याचं, अग्रिकोलाचं, चरित्र लिहिलंय. अग्रिकोलाने प्रांताधिपतीचं पद नाकारलं, तेव्हा अशा वेळी सहसा देऊ केलं जाणारं सालारिउम सम्राट डोमिशियनने त्याला दिलं नाही, अशी त्यात तक्रार आहे. प्रांताधिपतीच्या भत्त्याची गोष्ट ही. तिथे मिठाच्या पिशव्या मोजल्या जात नव्हत्या.

आता एक शंका तुमच्या मनात असणार: पण मीठ आणि चाकरी यांचं नातं तर आहेच ना? खाल्ल्या मिठाला जागणं, नमकहराम, नमकहलाल? आहे, आणि जुनं आहे. बायबलच्या एज्रा या पुस्तकातल्या चौथ्या अध्यायात इराणी सम्राटाचे अधिकारी पत्रात लिहितात, की आम्ही राजवाड्याचं मीठ खातो, तेव्हा राजाचा अपमान बघत बसणं आम्हाला शोभत नाही. पण ते पत्र अरामी भाषेतलं, मुलूख इराणी साम्राज्याचा. रोमच्या सालारिउमशी त्याची गाठ मारायला कागद नाही. माझ्या मते सॅलरीची दंतकथा मराठी माणसाला चटकन पटते ती याच म्हणीमुळे. मीठ आणि इमान यांची जोडी आपल्या डोक्यात आधीच बसलेली आहे, रोमन शिपाई त्यात आयता बसतो. जी गोष्ट ऐकताक्षणी पटली, तिच्याकडे दुप्पट संशयाने बघा.

पायरी 6: दिसण्यावर जाऊ नका

लॅटिनमध्ये मीठ म्हणजे साल. मराठीत साल म्हणजे वर्ष. आणि आपल्याकडे वर्षाच्या बोलीवर शेतात राहणारा तो सालगडी किंवा सालदार. पाडव्याला त्याचं साल ठरतं. वर जॉन्सन म्हणतोच आहे की सॅलरी म्हणजे वार्षिक देणं. झालं! 'सॅलरी हा शब्द आपल्या सालगड्यावरून इंग्रजांनी उचलला' असा लेख अर्ध्या तासात तयार होईल आणि जोरात फिरेलही.

मोडायचा कसा? तारखांनी. सालारिउम पहिल्या शतकात लॅटिनमध्ये आहे, सॅलरी चौदाव्या शतकात इंग्लंडात आहे, आणि इंग्रज व्यापारी भारतात आले ते सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. शिवाय आपला साल फारसीतून आलेला. त्याचं जुनं इराणी रूप आपल्या शरद् या शब्दाचं भावंड आहे, 'जीवेत शरदः शतम्' मधल्या शरदाचं. मिठाशी त्याला काही देणंघेणं नाही. एका उच्चाराचे दोन शब्द दोन वाटांनी येऊन योगायोगाने शेजारी बसलेत.

'सोल्जर' हा शब्दही मिठावरून आला असं त्याच फॉरवर्डात पुढे असतं. नाही. तो सोलिदुस या रोमन सोन्याच्या नाण्यावरून आला. सेलरी ही भाजी तर ग्रीक सेलिनोनची नात. तिचा पगाराशी संबंध फक्त भाव विचारताना येतो.

पायरी 7: भावंडं शोधा

मिठाच्या घराण्यातले खरे शब्द पाहायचे तर सॅलड, सॉस, सलामी, सॉसेज. सगळे मुळात 'खारवलेले'. यात वेळ फार घालवू नका, विक्शनरीत तयार यादी मिळते.

मराठी वाचकासाठी त्याहून रंजक वाट दुसरी आहे. सॅलरीला आपला प्रतिशब्द पगार, आणि तो पोर्तुगीज आहे. पोर्तुगीजमध्ये पगार हे क्रियापद, अर्थ पैसे चुकते करणं. बटाटा, पाव, चावी यांच्याबरोबर किनाऱ्यावरून तो आत आला. पोर्तुगीज पगार येतो लॅटिन पाकारेवरून, म्हणजे शांत करणं. त्याच्या मुळाशी पाक्स, शांतता. ज्याचं देणं आहे त्याला शांत करायचं, म्हणून पैसे देणं. हाच पाकारे फ्रेंचमधून पाये होत इंग्लंडात गेला आणि इंग्रजी 'पे' झाला. सुरुवातीला तिथेही त्याचा एक अर्थ 'समाधान करणं' होता. म्हणजे 'पे-स्लिप'मधला पे आणि 'पगारपत्रका'तला पगार ही सख्खी चुलत भावंडं. सॅलरी आणि पगार मात्र एकमेकांचे कुणीच नाहीत.

मराठी बाजू तपासायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश वापरा. पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946चा 'मराठी व्युत्पत्ति कोश' आहे. हाताशी हे दोन असले की 'बिनपगारी फुल अधिकारी' या आपल्या लाडक्या शिवीत पोर्तुगीज, इंग्रजी आणि संस्कृत कशी एका बाकावर बसलीत ते उलगडता येईल.

पायरी 8: टिपण लिहा, खात्रीच्या दर्जासकट

शोधलेलं लिहून ठेवलं नाही तर महिन्याने फॉरवर्डच आठवतं. माझी पद्धत साधी आहे: प्रत्येक विधानापुढे पक्कं, बहुधा, किंवा पुरावा नाही यांतला एक शेरा मारायचा. सॅलरीचं टिपण असं होईल:

सॅलरी इंग्रजीत अँग्लो-नॉर्मनमधून आली, मूळ लॅटिन सालारिउम: पक्कं. चौदाव्या शतकात इंग्रजी काव्यात नोकरांच्या पगारासाठी वापर (पिअर्स प्लाउमन, बी पाठ): पक्कं. सालारिउम हा साल, म्हणजे मीठ, यावरून: पक्कं, प्लिनीलाही तसंच वाटत होतं. शब्द कारकुनी कागदांतून आला: बहुधा, शेपटाच्या रूपावरून. पगाराला मिठाचं नाव नेमकं का पडलं: माहीत नाही. सैनिकांना मिठात पगार: पुरावा नाही.

'माहीत नाही' हा शेरा लिहिताना हात अडखळतो, पण तो लिहिलेलं टिपण ग्रुपवर टाकून पाहा. "मग खरं काय ते सांगा ना" असं कुणीतरी विचारेलच. तेव्हा तिथे नवी गोष्ट रचून देऊ नका.

सरावासाठी पुढचा शब्द निवडताना दोन्ही टोकं दिसणारा घ्या. 'मंगूस' उत्तम: एका टोकाला इंग्रजी, दुसऱ्या टोकाला आपलंच मुंगूस, दोन्हीकडचे कोश तुम्हाला वाचता येतात. अर्थ कसा घसरतो ते पाहायचं असेल तर 'नाइस' घ्या. लॅटिनमध्ये तो अडाणी होता. 'पॉश' घेतलात तर बोटीच्या तिकिटावरच्या आद्याक्षरांची मुंबई-लंडन प्रवासाची गोष्ट समोर येईल. तिला पाचवी पायरी लावा, ती तिकिटं कुणी दाखवतंय का बघा. सुरुवातीलाच 'डॉग' मात्र नको. जुन्या इंग्रजीतल्या डोग्गापर्यंत तुम्ही सहज पोचाल, आणि त्यामागे सगळे मोठे कोश 'ओरिजिन अननोन' लिहून हात वर करतात.